हौशी छायाचित्रकार आणि फ्लॅशचा प्रकाश

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पोफळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणिसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी ‘फ्लॅशचा प्रकाश’ असे उत्तर दिले. ते ऐकून ते क्षणभर थबकले आणि मग मोठ्या सौजन्याने म्हणाले, “विषय चांगला आहे, पण तो आपल्या लोकांना लागू कितपत पडेल?” त्यांची शंका रास्त होती. ज्ञातिसंमेलनात शिक्षण, विवाह, व्यवसाय, वसतिगृह अशा विषयांवर बोलावयाचे, हा आपला प्रघात आहे. तथापि आपणांपैकी ज्यांच्याजवळ मंडळाच्या जुन्या स्मरणिका असतील त्यांनी त्या घरी गेल्यावर उघडून पाहाव्यात आणि श्रद्धांजलीचे पान काढावे. त्या पानावर जे चेहरे आहेत त्यांतील निम्म्यांहून अधिक पिठासारखे पांढरे आहेत, त्यांना नाकाचा उंचवटा नाही, गालाचा खळगा नाही, आणि मस्तकामागे काळी सावली भिंतीला चिकटून बसली आहे. संपादकांनी रागावू नये. दोष त्यांचा नाही. आपण घरोघरी ज्या रीतीने फ्लॅश वापरतो त्या रीतीचा तो दोष आहे, आणि त्या दोषाचा एक भागीदार म्हणून मी आज येथे उभा आहे.

माझ्या वडिलांचे एकच छायाचित्र आमच्या घरात आहे. ते मी काढलेले आहे. 1978 सालच्या गणपतीत मी एका मित्राचा कॅमेरा उसना आणला होता आणि त्यावर बसवावयाचा फ्लॅशही आणला होता. फ्लॅशचे मला त्या वेळी फार अप्रूप होते. आरती झाल्यावर वडील माजघरात समईजवळ पाटावर बसले होते. समईचा उजेड त्यांच्या एका गालावर पडला होता, दुसरी बाजू काळोखात होती, आणि मला ते दृश्य फार आवडले म्हणूनच मी कॅमेरा उचलला. लखकन् उजेड पडला, वडील दचकले आणि हसले. पुढे चिपळूणहून फिल्म धुऊन आली तेव्हा त्या चित्रात समई होती, पण तिचा उजेड नव्हता. वडील होते, पण त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांच्या जागी दोन पांढऱ्या चकत्या होत्या. डोळे नव्हतेच.

पुन्हा काढू, असे मी म्हणालो. त्याच वर्षी दिवाळीपूर्वी वडील गेले. तेराव्याच्या आत फोटो मोठा करून हवा होता. ज्या कारागिराकडे तो दिला त्याने आपल्या परीने उत्तम काम केले. बारीक कुंचल्याने त्याने चष्म्याच्या आत डोळे रंगविले. गेली कित्येक वर्षे ते चित्र हार घालून भिंतीवर आहे. माझ्या नाती त्याला नमस्कार करतात. ते डोळे कोणाचे आहेत हे मला अद्याप ठाऊक नाही; वडिलांचे नव्हेत एवढे मात्र ठाऊक आहे.

यात नेमके चुकले काय, हे समजून घेण्यास मला पुष्कळ वर्षे लागली. वस्तुतः कारण शाळेच्या पुस्तकातलेच आहे. काचेवर प्रकाश ज्या कोनाने पडतो त्याच कोनाने तो परततो. फ्लॅश भिंगाच्या शेजारी बसविलेला असेल आणि माणूस भिंगाकडे पाहत असेल, तर चष्म्यावरून परतणारा प्रकाश नेमका भिंगातच शिरणार. डोळ्यांतील बाहुल्या तांबड्या दिसतात त्याचेही कारण हेच. काळोखात विस्फारलेल्या बाहुलीतून प्रकाश आत जातो, मागील रक्ताळ पडद्यावर आपटतो आणि आल्या वाटेने परततो. भिंगाच्या रेषेतून येणारा प्रकाश चेहऱ्यावरील प्रत्येक सावली पुसून टाकतो, आणि चेहऱ्याची ओळख तर सावल्यांतच असते. फ्लॅश दोन हात बाजूला आणि हातभर वर धरला असता तर मला वडिलांचे डोळे मिळाले असते. तेवढी लांब तार त्या फ्लॅशबरोबर होती; ती मी पिशवीतून काढली नव्हती.

दुसरा दोष अंतराचा. प्रकाशाचे बळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. एका हातावर जितका उजेड, दोन हातांवर त्याच्या चौथाई आणि तीन हातांवर नवमांश. आपल्या बक्षीससमारंभाचा सामुदायिक फोटो आठवा. पहिली रांग चार हातांवर आणि शेवटची आठ हातांवर असेल, तर शेवटच्या रांगेतील मुलांना पहिल्या रांगेच्या चौथाई उजेड मिळतो. म्हणून पुढे बसलेले पदाधिकारी चुन्यासारखे आणि मागे उभे असलेले गुणवंत विद्यार्थी कोळशासारखे दिसतात. आता हाच फ्लॅश आठ हात मागे न्या. पहिली रांग बारा हातांवर आली, शेवटची सोळा हातांवर; आता शेवटच्या रांगेला पहिलीच्या निम्म्याहून थोडा अधिक उजेड मिळेल. फ्लॅश थोडा उंच धरून मागील रांगेकडे कललेला ठेवला तर उरलेला फरकही बराच भरून निघतो. यासाठी नवे यंत्र लागत नाही. मागे सरकावे लागते, इतकेच. आणि सभागृहात मागे सरकण्यास जागा ठेवावी, ही विनंती मी व्यवस्थापकांना करतो.

हे ऐकून कोणी म्हणेल की असल्या घातक वस्तूला हातच कशाला लावावा? असे म्हणणारे थोर लोकही होऊन गेले आहेत. फ्रान्सचे कार्तिए-ब्रेसाँ यांनी 1952 सालच्या आपल्या ग्रंथात फ्लॅशने छायाचित्रे घेऊच नयेत असे सांगितले. जागेवर जो प्रकाश आहे, किंबहुना नाही, त्याचा मान राखला पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. मला हा आग्रह अर्धा मान्य आहे. जागेवरील प्रकाशाचा मान राखावा हे खरे. पण फ्लॅश वापरूनही तो राखता येतो, एवढेच माझे म्हणणे आहे. शिवाय काही गोष्टी अशा आहेत की कृत्रिम प्रकाशावाचून जगाने त्या पाहिल्याच नसत्या. पॅरिसचा छायाचित्रकार नादार 1861 च्या सुमारास विजेच्या घटमाला घेऊन शहराखालील अस्थिभुयारांत उतरला. एकेका चित्राला अठरा अठरा मिनिटे लागत. इतका वेळ माणूस स्तब्ध राहणे शक्य नाही, म्हणून त्याने मजुरांच्या जागी पुतळे उभे केले. 1887 मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची भुकटी इतर द्रव्यांत मिसळून क्षणात पेटणारे चूर्ण बनविले आणि तेच चूर्ण घेऊन न्यूयॉर्कचा बातमीदार जेकब रीस रात्रीच्या वेळी गरिबांच्या अंधारकोठड्यांत शिरला. 1890 साली त्याचे पुस्तक निघाले आणि शहरातील सुखवस्तू लोकांना आपले शेजारी कसे राहतात ते प्रथमच दिसले. या उद्योगात त्याने दोनदा घराला आणि एकदा स्वतःलाच आग लावली, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. पुढे 1930 च्या सुमारास काचेचे फ्लॅशचे दिवे आले, एकदा उजळले की फेकून द्यावयाचे. त्यानंतर अमेरिकेत हॅरोल्ड एजर्टन यांनी विजेच्या ठिणगीचा फ्लॅश सिद्ध केला. दुधाचा थेंब पडून उसळलेला मुकुट त्यांनी 1957 साली टिपला. तो मुकुट दुधात रोज उसळत होता, परंतु मनुष्याच्या डोळ्यास तो कधी दिसला नव्हता.

आता आपल्या घरांकडे वळू. पुस्तकांत असे सांगितलेले असते की फ्लॅशचे तोंड छताकडे करावे, म्हणजे पांढऱ्या छतावरून प्रकाश पसरून खाली येतो व तो मऊ असतो. हा सल्ला मुंबईच्या सदनिकेत ठीक आहे. कोकणातल्या जुन्या घरात छत कोठे आहे? वर वासे, रिपा आणि धुराने काळवंडलेली कौले. तिकडे फेकलेला प्रकाश परत येत नाही. पहिल्या खेपेस मी हा प्रयोग केला तेव्हा चित्रावर केवळ अंधार उमटला. मग मला एका चित्रपटाची हकीकत वाचावयास मिळाली. सत्यजित राय यांच्या 1956 सालच्या ‘अपराजितो’ मध्ये काशीच्या एका घराचा चौक आहे. तो चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेला होता. छायालेखक सुब्रत मित्र यांनी वरच्या बाजूस पांढरे कापड ताणले आणि दिवे खाली न रोखता त्या कापडावर रोखले. कापडावरून जो प्रकाश उतरला तो आभाळातून चौकात उतरावा तसा होता. ते वाचताच मी घरातील धुतलेली पांढरी चादर काढली आणि दोन खुंट्यांना बांधली. चादरीखेरीज धोतर, चुन्याने सारवलेली भिंत, पुठ्ठ्यावर डकवलेला पांढरा कागद, काहीही चालते. रंगीत मात्र नको; हिरव्या भिंतीवरून परतलेला प्रकाश माणसाला काविळीची कळा देतो. चादरीवरून येताना प्रकाश पुष्कळ घटतो, तेव्हा छिद्र मोठे ठेवावे किंवा फ्लॅशचे बळ वाढवावे.

या चादरीने मला एक चित्र दिले. आमच्या स्वयंपाकघराच्या छपरात एक काचेचे कौल होते. पावसाळ्यातील दुपारी त्यातून फिकट उजेडाचा एक पट्टा चुलीपाशी पडे. काकू तेथे भाकऱ्या भाजीत असत. नुसत्या त्या उजेडात छायाचित्र काढले तर पट्टा उमटे व काकूंचा चेहरा बुडे. सरळ फ्लॅश मारला तर चेहरा दिसे व पट्टा मरे. मी चादर डाव्या बाजूस बांधली, फ्लॅशचे तोंड चादरीकडे फिरविले आणि त्याचे बळ इतके कमी केले की काचेच्या कौलाचा उजेडच मुख्य राहील व फ्लॅश त्याच्या मागून चालेल. चित्र आले तेव्हा काकूंच्या कपाळावरील रेघा, तव्यावरची वाफ, काचेतून आलेला तो पट्टा, सारे जागच्या जागी होते. घरात कोणाला तेथे फ्लॅश वापरला आहे हे ओळखता आले नाही. काकूंचे मत निराळे पडले. त्या म्हणाल्या, “एवढी चादर बांधलीस, आता ती धुणार कोण?”

हे जे मी केले त्यामागे एक तत्त्व आहे आणि तेच माझ्या व्याख्यानाचा गाभा आहे, म्हणून थोडा विस्तार करतो. फ्लॅश वापरून घेतलेल्या प्रत्येक छायाचित्रात दोन छायाचित्रे असतात. एक जागेवरील प्रकाशाचे आणि दुसरे फ्लॅशचे. फ्लॅशची दीप्ती सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात, कधी त्याहूनही लवकर, संपून जाते. त्यामुळे शटर किती वेळ उघडे राहते याचा फ्लॅशच्या चित्राशी संबंध नसतो. त्याला छिद्राचे माप, अंतर आणि फ्लॅशचे बळ एवढेच ठाऊक. जागेवरचा उजेड मात्र शटर उघडे असेपर्यंत साठत राहतो. म्हणजे शटरचा वेळ ही समईची किल्ली आणि फ्लॅशचे बळ ही चेहऱ्याची किल्ली. आपण बहुधा समईची किल्ली बंदच ठेवतो. कॅमेरा पाटावर किंवा डब्यावर स्थिर ठेवून शटर सेकंदाचा पंधरावा किंवा आठवा भाग उघडे ठेवा, संवेदनक्षमता 1600 च्या आसपास घ्या, फ्लॅश अगदी मंद करा, आणि त्याच्या तोंडाला पातळ नारिंगी जिलेटिन कागद लावा. कागद अशासाठी की फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो आणि समईचा तांबूस; दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर माणूस दोन रंगांत वाटला जातो. इतके केले की समई आपला उजेड टाकते आणि फ्लॅश काळोखातील गालाला केवळ स्पर्श करतो. त्या गालावर सावली राहिली पाहिजे. ती नाहीशी झाली तर फ्लॅश जास्त झाला असे समजावे.

आता शिमग्याची रात्र घ्या. सहाणेसमोर पालखी नाचविली जाते, ढोल घुमत असतात, पेटत्या होमाचा उजेड हलत असतो. सरळ फ्लॅशने पालखी दगडासारखी थिजते. नाच राहत नाही. येथे शटर पाव सेकंद उघडे ठेवावे आणि शटर बंद होण्याच्या क्षणी फ्लॅश पडेल अशी योजना कॅमेऱ्यात करावी. हल्लीच्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत ती असते. मग होमाच्या उजेडात पालखीच्या हालचालीची तांबूस वाट उमटते आणि त्या वाटेच्या टोकाला गोंडे, खांदेकरी, घामेजलेले चेहरे लख्ख उभे राहतात. फ्लॅश प्रारंभीच पडला तर ती वाट पालखीच्या पुढे उमटते आणि पालखी मागे धावते आहे असे दिसते. दहांतील नऊ चित्रे वाया जातात, हे आधीच सांगून ठेवतो.

खेळ्यांमधील संकासुराने मला याहून अधिक छळले. काळा पायघोळ वेष, डोक्यावर उंच निमुळती काळी टोपी आणि मागे काळी रात्र. समोरून कितीही प्रकाश टाका. पांढरी दाढी तेवढी अधांतरी लोंबकळताना दिसते. काळ्यावर काळे उठवावयाचे तर प्रकाश मागून यावयास हवा. एका पुतण्याच्या हाती दुसरा फ्लॅश देऊन मी त्याला संकासुराच्या मागे, जरा बाजूस, उकिडवा बसविला. टोपीच्या कडेला आणि खांद्यांना उजेडाची बारीक रेघ मिळाली, उडणाऱ्या धुळीत तो उजेड भरला, आणि संकासूर रात्रीतून बाहेर आला. हे करताना खेळ्यांना आधी विचारले होते, हेही नमूद करतो. अंधारात नाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत अवचित झोत मारणे धोक्याचे आणि असभ्यपणाचेही आहे.

काळोखातून वस्तू घडविण्याची ही कला एका अमेरिकन गृहस्थाने पराकोटीस नेली. विन्स्टन लिंक याने 1955 ते 1960 या काळात, वाफेची इंजिने मोडीत निघत असताना, एका रेल्वेमार्गावर रात्री छायाचित्रे घेतली. सूर्य आपल्याला हलविता येत नाही आणि तो नेहमी नको तेथे असतो, अशी त्याची तक्रार होती. म्हणून त्याने रात्र पत्करली. 1956 सालच्या त्याच्या एका प्रसिद्ध चित्रात मोटारींत बसून चित्रपट पाहणारे लोक आहेत आणि मागून आगगाडी धडधडत जाते आहे. त्यासाठी त्याने चाळीसहून अधिक फ्लॅशचे दिवे एकदम उजळले. तो उजेड इतका प्रखर होता की पडद्यावरील चित्र पुसले गेले आणि ते त्याला मागाहून जोडावे लागले. चाळीस दिवे लावणाऱ्यालाही फ्लॅश दुसऱ्याचा उजेड खातो हे चुकले नाही, याचे मला थोडे समाधान वाटते.

आपण ज्या गावात बसलो आहोत तेथे या गोष्टीची आठवण विशेष होते. शेजारच्या डोंगराच्या पोटात कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांची आठ जनित्रे आहेत. त्यांतील पहिले 1962 साली चालू झाले. सह्याद्रीपलीकडचे पाणी बोगद्यातून येऊन येथे कोसळते आणि सूर्य कधीही न पाहिलेल्या त्या दालनातून महाराष्ट्राच्या घरांना उजेड जातो. परवानगीवाचून तेथे छायाचित्रे घेता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. परंतु बाहेरचा पोफळीचा पाऊस व कुंभार्ली घाटातले धुके यांना कोणाची परवानगी लागत नाही, आणि तेथे फ्लॅशची फजिती ठरलेली असते. धुक्यात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. पावसात भिंगाजवळचे थेंब मोठमोठ्या पांढऱ्या टिकल्या होऊन चेहऱ्यांवर बसतात. तोच फ्लॅश छत्रीखाली कोणाच्या तरी हाती देऊन माणसाच्या मागून टाका, पावसाची प्रत्येक धार चांदीची होते. दिवसासुद्धा सुपारीच्या आगरात तो उपयोगी पडतो. आगरात ऊन कवडशांनी उतरते आणि झावळीच्या सावलीत माणसाचे डोळे खोल काळे दिसतात. तेथे अगदी अल्प फ्लॅशने डोळे उघडतात.

फ्लॅश बंद ठेवावयाच्या जागाही आहेत. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत त्याला मनाई आहे, आणि बिनॉय बहल यांनी तेथील मंद उजेडातच ती चित्रे किती उत्तम घेता येतात हे दाखविले आहे. मृगापूर्वी काजव्यांनी झाडे भरतात तेव्हा फ्लॅश मारणाऱ्यास झाड मिळते, काजवे मिळत नाहीत. आणि त्या किड्यांचा परस्परांशी चाललेला उजेडाचा संवादही आपण तोडतो. घुबडावर, तान्ह्या मुलावर, गाभाऱ्यात, मृत्युशय्येजवळ झोत टाकू नये, हे सांगावयास शास्त्र नको.

आता पुष्कळांच्या मनात असेल की आमच्याजवळ कॅमेरा नाही, खिशात भ्रमणध्वनी आहे. त्याचा दिवा भिंगाला चिकटलेला असतो, म्हणजे माझ्या 1978 च्या चुकीची तीत कायमची सोय केलेली आहे. तो दिवा बंद करा. दुसऱ्या कोणाच्या तरी भ्रमणध्वनीची विजेरी लावून ती हातभर अंतरावर, चेहऱ्याच्या एका बाजूस व थोडी वर धरावयास सांगा आणि तिच्यासमोर पातळ पांढरा रुमाल धरा. चष्मा असेल तर काचेतील दिव्याचे प्रतिबिंब सरकून बाहेर जाईपर्यंत विजेरी हलवीत राहा, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला. माणसाला कॅमेऱ्याकडे पाहावयास लावू नका, त्याच्याशी बोला. घाई करू नका आणि एकच चित्र घेऊन थांबू नका.

चिटणिसांच्या अनुमतीने एक सूचना करून बसतो. उद्या सकाळी न्याहारीनंतर या इमारतीच्या पश्चिमेकडील ओटीवर मी पांढरी चादर बांधून ठेवणार आहे. ज्यांच्याबरोबर वडीलधारी मंडळी आली आहेत त्यांनी त्यांना तेथे घेऊन यावे. फोटो मी काढणार नाही. तुम्ही काढावयाचे, मी विजेरी धरीन. चष्मा असलेल्यांना प्रथम आणावे, कारण त्यांना वेळ अधिक लागतो.